ओल असेपर्यंतच

माठाला झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, चालत नाही. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेरच्या हवेत वाळतं, म्हणून आतलं गार राहतं. छिद्रं बुजली की माठाचं कामच संपलं. लोणच्याच्या बरणीचं नेमकं उलटं. मीठ, तेल, आंबट, यातलं काहीच तिच्या अंगात मुरता कामा नये. म्हणून कसबा पेठेच्या कुंभारवाड्यात किंवा मुंढव्याजवळच्या केशवनगरात पणत्या आणि माठांचं गेरूवर भागतं. जेवणाच्या वाडग्याला मात्र झिलई, म्हणजेच ग्लेझ, लागतं.

पण सजावट ग्लेझच्या बादलीपासून सुरू होत नाही. ती माती ओली असतानाच सुरू होते, आणि बरीचशी तेव्हाच ठरून जाते.

कोथरूडच्या एका स्टुडिओतला हा वाडगा बघा. कालच चाकावरून उतरलाय. बोटाने दाबला तर दबत नाही, पण नखाने चरा पडतो. इथे याला लेदर-हार्ड म्हणतात. स्टुडिओतल्या ताई त्यावर पांढऱ्या मातीची स्लिप लावताहेत. स्लिप म्हणजे पाण्यात कालवून साईइतकी दाट केलेली माती. थोडी सुकली की वाकवलेल्या तारेची कोरणी घेऊन त्या वरचा थर खरवडतात आणि खालची तांबडी माती रेघ होऊन उघडी पडते. हे स्ग्राफिटो. रेघेच्या कडेला मातीचा बारीक कीस उभा राहतो. तो लगेच पुसायचा नाही, पुसला तर रेघेतच भरतो. वाळल्यावर ब्रशने झटकायचा.

माती फार ओली असेल तर रेघ फाटते. फार वाळली असेल तर स्लिपचे पोपडे निघतात, कारण वाळलेला वाडगा आकसून झालेला असतो आणि स्लिप मात्र अजून आकसायची असते. पुण्यात मे महिन्यात ही वेळ दुपारभरात निसटते. जुलैमध्ये वाडगा उघडा ठेवला तरी वाळता वाळत नाही.

वेळ साधण्याची ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे उत्खनन केलं आणि जोर्वे संस्कृतीची भांडी निघाली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ही लाल भांडी. काही तोटीची, अंगावर काळ्या भौमितिक रेघा. झिलई नाही. तरी रेघा शाबूत आहेत, कारण त्या भाजण्याआधी काढलेल्या आहेत. मला ही भांडी आजच्या कितीतरी चकचकीत मगांपेक्षा देखणी वाटतात.

आता ग्लेझ. वाडगा साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला एकदा भाजून झालाय. अजून तो पाणी शोषतो, आणि तेच हवंय. ग्लेझ म्हणजे शेवटी काचच. नुसती सिलिका वितळायला सुमारे १७०० अंश लागतात. फेल्डस्पार आणि चुना मिसळला की ती १२००-१२५० ला वितळते, आणि त्यातल्या चिनी मातीमुळे भांड्यावरून ओघळत नाही. बादली तळापासून ढवळायची, जड पूड खाली बसते. वाडग्याच्या बुडाला मेण लावायचं, म्हणजे तिथे ग्लेझ धरत नाही, नाहीतर तो भट्टीतल्या फळीला चिकटलाच म्हणून समजा. मग बुडवायचा, मनात तीन आकडे मोजायचे आणि काढायचा.

बादलीतल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. ग्लेझला रंग देणारं कोबाल्ट कार्बोनेट कच्चं असताना जांभळट दिसतं, भाजल्यावर गर्द निळं होतं. तांबं विजेच्या भट्टीत हिरवं येतं. तेच गॅसच्या भट्टीत हवा कमी करून भाजलं तर लाल होऊ शकतं.

भट्टी घाईने उघडायची नाही. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं तर त्यावर जाळीदार तडे जातात. फुलदाणीवर ते शोभतात, आमटीच्या वाडग्यात नकोत. शिशाचं ग्लेझ तर जेवणाच्या भांड्याला नकोच नको. शिसं डोळ्यांना दिसत नाही, ते प्रयोगशाळेतच तपासावं लागतं. पण ग्लेझ कच्चं आहे का, हे घरीही बऱ्यापैकी कळतं. लिंबाची फोड रात्रभर त्यावर ठेवा. सकाळी तिथला रंग फिका पडला किंवा चमक गेली, तर त्या वाडग्यात मोगऱ्याचं रोप लावा.