आधी कोपरे फाडा

वर्धा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचा हा सहावीचा वर्ग. फळ्यावर आज सूत्र नाही. प्रत्येकाच्या हातात कागदाचा त्रिकोण आहे, ज्यानं त्यानं स्वतः आखून कापलेला. कोपऱ्यांवर अ, ब, क लिहून झालं आणि मॅडम म्हणाल्या, "आता फाडा."

बघा. तिन्ही कोपरे शेजारी शेजारी, टोकाला टोक लावून मांडले की खालची कड सरळ होते. त्रिकोण निमुळता असो की पसरट, कड सरळच. म्हणजे तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश. हे पाठ करायच्या आधी हातानं करून बघायला हवं.

वर्गातल्या एका मुलाला एकाच त्रिकोणात दोन काटकोन हवे होते. त्यानं ते काढूनही पाहिले. दोन्ही रेषा सरळ वर गेल्या, पान संपलं तरी भेटेनात. दोन काटकोनांतच 180 संपले, तिसऱ्याला जागा कुठली?

कंपासपेटीतले हे दोन गुण्ये. काटकोन दोघांनाही आहे. एकाचे कोन 45, 45, 90 आणि दोन बाजू सारख्या, म्हणून तो समद्विभुज काटकोन त्रिकोण. दुसऱ्याचे 30, 60, 90 आणि तिन्ही बाजू वेगळ्या, म्हणून तो विषमभुज काटकोन त्रिकोण. बाजूंवरून एक नाव, कोनांवरून दुसरं. वस्तू हातात असली की मुलं यात गोंधळत नाहीत.

मग कोनमापक निघाले. "मॅडम, माह्या त्रिकोनात दोन कमी भरले." बेरीज 178. शेजारणीची 181. इथं कुणी खोडरबर मागत नाही. कोनमापकाचा मध्य शिरोबिंदूवर होता का? शून्याची रेषा बाजूवर बसली होती का? शोध सुरू होतो, आणि आमच्या मते खरं गणित इथंच आहे.

याच जिल्ह्यात, हिंगणघाटला, विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश सर्वेक्षकाची कबर आहे. 1802 साली मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून त्यानं त्रिकोणाला त्रिकोण जोडत देशाची मोजणी सुरू केली. 1823 साली नागपूरला जाताना इथं त्याचा मृत्यू झाला. त्याचं कोन मोजायचं यंत्र जवळपास अर्ध्या टनाचं होतं. तरीही अशा मोजणीत जमेल तिथं तिन्ही कोन मोजून बेरीज तपासत. पृथ्वीच्या गोलाईमुळे मोठ्या त्रिकोणांत ती किंचित जास्त येते. तेवढी वजा करूनही 180 पासून जो फरक उरे, ती मोजणीतली चूक.

परत वर्गात. फळ्यावर दोन कोन, 50 आणि 70. तिसरा? 120 वजा केले, 60 उरले. पुढचा समद्विभुज, सारख्या बाजूंमधला कोन 40. उरलेले 140, सारख्या बाजूंसमोरचे कोनही सारखे, म्हणून 70, 70.

परीक्षेतही ही गणितं आता सुटतात. उद्या चौकोनाचे चार कोपरे फाडायचे आहेत, आणि बेरीज किती भरेल यावर मागच्या बाकावर आत्ताच वाद लागलाय.