ऑक्सफर्डचे पाच पब, बसने आणि पायी (आणि बिअरचा हाफ, म्हणजे अर्धा पाइंटच, का घ्यायचा)

नमस्कार मंडळी! मागच्या रीलखाली तेच दोन प्रश्न परत परत येतायत, की दादा एका दिवसात पाच पब कसे काय जमतात, आणि गाडीने का नाही गेलात. गाडीचं आधी उरकतो. इथे गाडी चालवणाऱ्यासाठी लिमिट १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे, माहितीये मला, पण मित्रांबरोबर बाहेर पडून तो हिशोब कोण करत बसणार? बस आहे की. इंग्लंडात बहुतेक बसचं सिंगल तिकीट सध्या जास्तीत जास्त ३ पौंड आहे, कार्ड टेकवा, बसा, उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणा. संपलं.

रूट सोपाय. शहरातून बसने वोल्व्हरकोट, तिथून थोडं चालत पहिला पब ट्राउट, जिथे बाहेर बसलं की समोरच बंधाऱ्यावरून थेम्सचं पाणी धो धो पडत असतं. मग पूल ओलांडून गॉडस्टोच्या जुन्या मठाच्या पडक्या भिंती, आणि नदीकाठाने बिन्सी. पलीकडच्या काठाला पोर्ट मेडो नावाचं कुरण, मोकळी घोडी आणि गुरं चरत असतात. बिन्सीला दुसरा पब पर्च, गवताने शाकारलेलं छप्पर, ऐसपैस बाग. तिथून पायीच शहरात, मग लँब अँड फ्लॅग (हा २०२१ ला बंद पडला होता, गावातल्या लोकांनी एकत्र येऊन २०२२ ला परत उघडला), टर्फ आणि शेवटी बेअर, हेही पबच. हिवाळ्यात काठावर चिखल आणि कधी कधी सरळ पूरच असतो, पांढरे शूज घालून येऊ नका.

आता मुद्द्याचं. हाफ घ्या. हाफ. मला माहितीये खाली कोणीतरी लिहिणारच, "अर्धा ग्लास काय पितोस, मर्द आहेस का". भाऊ, एक पाइंट म्हणजे ५६८ मिली. पाच पब, पाच पाइंट, २८४० मिली. जवळजवळ तीन लिटर! आणि नदीकाठाच्या त्या वाटेवर टॉयलेट नाही, हे मर्दानगीवाल्यांनी लक्षात घ्यावं. तेच हाफ घेतलं तर १४२० मिली, दिवसभरात, मध्ये चालणं आहे, खाणं आहे. कटिंग चहा पिताना कधी लाज वाटते का आपल्याला? मग?

दुसरं म्हणजे राउंड. इथे प्रत्येकजण आपापलं बिल देत नाही. एकजण बारवर जातो, सगळ्यांसाठी आणतो, पुढच्या पबात दुसरा. आम्ही पाच जण, पाच पब, बरोब्बर पाच राउंड. आणि राउंडमध्ये सगळे पाइंट घेत असले की तुम्हीही ओढले जाता, अर्धा ग्लास शिल्लक असतानाच समोर नवीन येऊन थांबतो. म्हणून पहिल्याच पबात जाहीर करून टाकायचं, "आज आपण हाफ". एकाने म्हटलं की बाकीचेही हळूच सुटल्यासारखे हाफवर येतात, खरंच सांगतो. आमच्यातला एकजण पीतच नाही, तो लाइम सोडा घेतो, पण राउंड त्याचाही असतो.

यावरून आमचे सासरे आठवले. सांगलीहून आले होते, ट्राउटच्या बारवर माझ्या मित्राच्या हातातलं कार्ड बाजूला सारून "अहो मी देतो, मी देतो, तुम्ही ठेवा हो". पहिला राउंड दिला. पर्चलाही दिला. मित्र बिचारा कानकोंडा होऊन मला विचारतो, मी काही चुकीचं बोललो का? मग मी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, की इथे सगळं आपणच देणं म्हणजे पाहुणचार होत नाही, समोरच्याचा नंबर हिसकावणं होतं. ते म्हणाले, "बरं, मग शेंगदाणे तरी मी घेतो". घेतले. क्रिस्पही (म्हणजे आपले बटाटा वेफर्स) घेतले, आणि ती इथली पद्धत मात्र त्यांना जाम आवडली, पाकीट उभं फाडून पूर्ण उलगडून टेबलाच्या मधोमध ठेवायचं, सगळ्यांनी त्यातून खायचं.

हां, आणि "बिअर गरम देतात" वाले. गरम नसते हो! कास्क एल, म्हणजे पिंपातली इथली पारंपरिक बिअर, तळघरातून साधारण ११ ते १३ अंशाला येते, हातपंपाने ओढतात. तो लांब दांडा खाली येतो, ग्लासात आधी सगळं दुधट ढवळल्यासारखं दिसतं, मग तळापासून रंग चढत चढत वर स्वच्छ होतो. बर्फगार असती तर चवच कळली नसती. दांड्यावरची पाटी उलटी फिरवलेली दिसली तर समजा ती संपलीये, ती मागू नका. आणि टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, बारवर जा, आपल्या आधी कोण आलंय ते बघून ठेवा, उगाच हात हलवू नका.

आता हाफवाल्यांना हसणाऱ्यांसाठी शेवटचं. टर्फ सापडायला अवघड, हर्टफर्ड कॉलेजच्या त्या प्रसिद्ध पुलाजवळ अगदी अरुंद बोळ आहे, त्यातून आत. तिथे बॉब हॉकच्या नावाची पाटी आहे, हा माणूस पुढे ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला, ऑक्सफर्डला विद्यार्थी असताना त्याने अडीच पाइंट ११ सेकंदांत संपवून विक्रम केला होता. अडीच पाइंट म्हणजे आपले पाच हाफ! आमचा अख्खा दिवस त्याने ११ सेकंदांत संपवला. जायचं असेल त्याने जावं त्या रस्त्याने, मी पुढे बेअरला जातो, तिथे भिंतीवर काचेत हजारो नेकटायांचे तुकडे लावलेत आणि छत इतकं खाली आहे की उंच मंडळींनी डोकं सांभाळा.

शाकाहारी विचारतायत, चिप्स (इथे म्हणजे फ्रेंच फ्राइज) बहुतेक ठिकाणी मिळतात, पण काही पबांचं किचन दुपारी बंद असतं, म्हणून जेवण पर्चलाच उरकून घ्या. नकाशा खाली टाकलाय. बसचं टाइमटेबल निघायच्या दिवशीच बघा, रविवारी बस कमी असतात.