पांडवलेणी: भिंतीवरचा हिशेब

नाशिकच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून त्रिरश्मी डोंगर. शिलालेखांत याचं नाव ‘तिरण्हु’. नाव पांडवलेणी पडलं, पण या 24 लेण्यांचा पांडवांशी संबंध नाही. पावसाळ्याचे महिने बौद्ध भिक्षू इथे एका जागी राहून वर्षावास करत.

पायथ्याशी फाळके स्मारक आणि बुद्धविहार. तिथून साधारण दोनशे पायऱ्या. उन्हाळ्यात सकाळीच चढा. पावसाळ्यात दगड निसरडा होतो, गुळगुळीत तळाची चप्पल नको.

टॉर्च मात्र हवीच. समोरून उजेड मारला की भिंत सपाट दिसते आणि लोक ‘काही नाही’ म्हणून पुढे जातात. टॉर्च भिंतीला टेकवून आडवी धरा. खाचांत सावली उतरते, ब्राह्मी अक्षरं उठून दिसतात. त्यांवरून बोट फिरवू नका, कडा झिजतात.

आधी 10 क्रमांकाचं लेणं बघा. क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याने ते कोरवून घेतलं. व्हरांड्यातल्या एका लेखात 3000 कार्षापणांची (त्या काळची नाणी) ठेव नोंदली आहे. त्यातले 2000 नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही. वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे. आता गणित करून बघा: महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्षूंना बारा-बारा. एक नाणं इकडचं तिकडे होत नाही! उरलेले 1000 दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा पाऊण टक्क्याने.

मग लेणं 3. नहपानाचा पराभव करणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने ते नातू पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षी दान दिलं. लेखात मुलाला ‘क्षहरातांचा (नहपानाच्या घराण्याचा) वंश निःशेष करणारा’ म्हटलंय. आत शिरण्याआधी खाली वाकून बघा: सहा धिप्पाड पुरुष कमरेपर्यंत बाहेर आलेत, जणू अख्खा विहार (भिक्षूंचं निवासस्थान) खांद्यावर पेलून. खांब 10 क्रमांकाच्या धर्तीवरचे आहेत, पण तिथली रेखीवता यांच्यात नाही. दोन्ही लागोपाठ पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही.

19 क्रमांकाचा छोटा विहार कण्ह या सातवाहन राजाच्या काळातला, नाशिकच्या एका महामात्राने (वरिष्ठ अधिकाऱ्याने) करवलेला. शेजारचं 18 हे इथलं एकमेव चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह. स्तूपाकडे धावण्याआधी दाराशी थांबून वर बघा. तिथे राजाचं नाव नाही. धंभिक गावाने दिलेलं दान, एवढंच कोरलंय.