बोअरच्या पाण्यातले नायट्रेट

उजनीच्या कालव्याने सोलापूर जिल्ह्याच्या मोठ्या भागात ऊस आणला आणि उसामागोमाग युरियाच्या गोण्याही आल्या. युरियातला, पिकाने न उचललेला नत्र (नायट्रोजन) नायट्रेट होऊन पाण्यासोबत मातीतून, मुरमातून खाली झिरपतो आणि विहिरी-बोअरपर्यंत पोहोचतो. उकिरडे आणि शौचालयांचे शोषखड्डेही त्यात भर घालतात. अशा पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चवही बदलत नाही.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट असावे, असे भारतीय मानक सांगते. अशा मर्यादांचा मूळ आधार तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवणारा आजार हा आहे. वर्षानुवर्षे तेच पाणी पिणाऱ्या प्रौढाच्या मूत्राशयाच्या कर्करोगाचा विचार त्यामागे नव्हता.

पोटात गेलेल्या नायट्रेटचा काही भाग लाळेतून तोंडात परततो, तेथील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, आणि पुढे जठरात त्यापासून एन-नायट्रोसो संयुगे तयार होऊ शकतात, ज्यांपैकी अनेक संयुगे प्राण्यांमध्ये कर्करोगकारक ठरली आहेत. अमेरिकेतील आयोवा राज्यात रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांच्या दीर्घकालीन अभ्यासात, ज्यांच्या सार्वजनिक पुरवठ्यात चार किंवा अधिक वर्षे नायट्रेट लिटरमागे सुमारे २२ मिलिग्रॅमच्या वर होते, म्हणजे आपल्या मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास, त्यांच्यात मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १.६ पट आढळला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष अंतिम मानता येत नाही, कारण स्पेन आणि नेदरलँड्समधील अभ्यासांत एकंदरीत असा संबंध दिसला नाही. या रोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण धूम्रपान आहे, हेही विड्या वळणाऱ्या सोलापूर शहरात सांगायलाच हवे.

मग नायट्रेट भरपूर असलेल्या पालक, मेथी, बीट यांचे काय? आयोवाच्या त्याच अभ्यासात आहारातील नायट्रेटशी धोका जोडला गेला नाही. भाजीतले क जीवनसत्त्व ती घातक संयुगे तयार होण्यास अडथळा आणते, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. भाजीची धास्ती घेण्याचे कारण नाही.

पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तुरटी आणि क्लोरीनचाही उपयोग होत नाही. आरओ यंत्राने ते बरेच कमी होते. मात्र आधी बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासावे आणि अहवालातला आकडा नायट्रेटचा आहे की त्यातील नत्राचा, हे विचारून घ्यावे, कारण नत्राच्या मोजणीतले १० म्हणजे नायट्रेटच्या मोजणीतले जवळजवळ ४५.