ध्यानानं तुम्हाला हलकं वाटतं, पण समोरच्याचं काय?

नमस्कार मंडळी! शहरात रोज ध्यानाला बसणाऱ्या माणसाला विचारलं, "तुम्ही नियम कुठले पाळता?", तर बहुतेकदा उत्तर येतं, "नियम वगैरे काही नाही. कुणाचं वाईट करायचं नाही, शब्द पाळायचा, एवढं आपल्याला कळतं. ध्यान फक्त मनःशांतीसाठी."

मला हे उत्तर मनापासून पटतं. चांगलं-वाईट कळायला ग्रंथच हवा असं नाही. प्रश्न वेगळाच आहे: ही साधी माणुसकी आपण ध्यानाला बसताना सोबत नेतो का?

पतंजलींच्या अष्टांगयोगात ध्यान सातव्या पायरीवर येतं. पहिली पायरी यमांची, म्हणजे वागण्याच्या नियमांची: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. बौद्ध परंपरेतही आधी शील, म्हणजे नीट वागणं, मग समाधी, मग प्रज्ञा. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला. काही आठवड्यांचा. जुनाट दुखणी आणि ताणतणाव असलेल्यांसाठी. त्यात धर्म नव्हता, व्रत नव्हतं, म्हणूनच ध्यानाचं दार कुणालाही उघडं झालं. फार मोठं काम आहे ते. पण वागण्याची पायरी आता ज्याची त्याच्यावर आली.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. मीटिंगमध्ये तुम्ही ज्युनिअरचं काम आपलं म्हणून दाखवलंत. तो काही बोलला नाही, नुसता लॅपटॉपकडे बघत राहिला. दिवसभर तुम्हाला ते टोचतंय. रात्री इयरफोन घातले, पंधरा मिनिटांचा टायमर लावला, श्वासावर लक्ष. छातीवरचं ओझं उतरलं. झोपही छान लागली.

आणि त्या मुलाला? त्याला काय मिळालं?

ही नुसती माझी शंका नाही. संशोधक अँड्र्यू हाफेनब्रॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमकं हेच दिसलं. श्वासावरच्या ध्यानानं अपराधीपणा कमी झाला आणि त्याबरोबर चूक भरून काढायची इच्छाही कमी झाली. ज्यांचा सगळा भरवसा मनाच्या टोचणीवर आहे, त्यांनी तर हे फारच गंभीरपणे घ्यायला हवं. नियम पाळणाऱ्याला निदान नियम आठवण करून देतो. आपल्याकडे ती टोचणीच तेवढी आहे, आणि तीच आपण रोज रात्री शमवून टाकतो.

म्हणून ध्यान सोडायचं का? मुळीच नाही! त्याच प्रयोगांत मैत्रीभावनेच्या ध्यानानं, म्हणजे दुसऱ्याचं भलं चिंतणाऱ्या ध्यानानं, चूक भरून काढण्याची इच्छा श्वासाच्या ध्यानापेक्षा जास्त राहिली.

करून बघा. शेवटची पाच मिनिटं श्वास बाजूला ठेवा. आज ज्याला दुखावलं त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणा आणि मनात म्हणा, "तुझं भलं होवो." लगेच आपली बाजू मांडायची खुमखुमी येईल: "पण मीही दमलो होतो, पण त्यानंच आधी..." येऊ दे. तिच्या मागे जाऊ नका, परत त्या चेहऱ्याकडे या. डोळे उघडल्यावर एकच ठरवा: उद्या त्याला काय सांगायचं. "ते काम तुझं होतं, मी सगळ्यांसमोर तसं सांगतो." आणि पुढच्या मीटिंगमध्ये ते खरंच सांगा.