उंदराचा तळपाय आणि थंड रक्ताचा नसलेला थंड प्राणी

मंडळी, बाबा आमट्यांनी कुष्ठरोगाचे जंतू स्वतःला टोचून घेतले होते, हे तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. त्यांना रोग झाला नाही, कारण बहुतेक माणसांत या जंतूविरुद्ध उपजतच प्रतिकारशक्ती असते. आपण ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मी पडलो जंतुशास्त्राचा मास्तर. मला प्रश्न पडतो, माणसावर ही पाळी का आली? तर हा जंतू काचेच्या बशीत वाढतच नाही. आजही नाही.

१८७३ साली नॉर्वेतल्या बर्गेनला हॅन्सन नावाच्या डॉक्टरला रुग्णांच्या गाठींत हा जंतू दिसला. दिसला खरा, पण रोग त्याच्यामुळेच होतो हे दाखवणार कसं? प्राण्यांना टोचून पाहिलं, जमलं नाही. मग १८७९ मध्ये त्याने एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. खटला झाला आणि १८८० मध्ये त्याची रुग्णालयातली जागा गेली. प्राण्यांवर प्रयोग नकोत म्हणणाऱ्यांची कळकळ मला समजते. पण प्राणी सापडला नव्हता तेव्हा त्याच्या जागी कोण होतं, तर ही बाई.

पुढची ऐंशी वर्षं जवळपास कोरडी गेली. हा रोग नाक, कानाची पाळी, हात, पाय अशा गार भागांवर जास्त दिसतो. अमेरिकेत शेपर्ड यांनी हेच धरून उंदराच्या तळपायाच्या गादीत जंतू टोचले आणि १९६० मध्ये ते तिथे वाढतात हे दाखवलं. काही हजार टोचले की सहा-आठ महिन्यांत दहा लाखांच्या घरात जातात आणि थांबतात. आपल्या आतड्यातला एक साधा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, हा बारा-चौदा दिवस घेतो. यावर पीएच.डी. करणाऱ्याला आधी वडिलांची परवानगी काढायला लावावी!

पण या तळपायाने केवढं काम केलं! उंदराच्या खाण्यात औषध मिसळायचं आणि जंतू वाढतात का ते मोजायचं. तेव्हा सगळी भिस्त डॅप्सोन या एकाच औषधावर होती. काही रुग्णांना गुण येईना. गोळ्या घेत नसतील, हा संशय सोपा. १९६४ मध्ये मलेशियातल्या अशा रुग्णांचे जंतू पेटिट आणि रीज यांनी उंदरांत वाढवले, तेव्हा ते डॅप्सोन असूनही वाढले. दोष रुग्णाचा नव्हता. आज आरोग्य केंद्रात एमडीटीचं, म्हणजे बहुविध औषधोपचाराचं, पाकीट मिळतं, त्यात एकाहून अधिक औषधं का असतात, त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

मात्र हा उंदीर मजेत हिंडतो. त्याची बोटं झडत नाहीत, हात बधिर होत नाहीत. जंतू मोजायला तो उत्तम, रोग दाखवायला बिनकामाचा.

१९७१ मध्ये कर्शहायमर आणि स्टॉर्स यांनी आर्मडिलोला हा रोग होतो हे दाखवलं. अंगावर कवच असलेला हा अमेरिकेतला प्राणी पाहून खवल्या मांजराची आठवण होईल, पण नातं काही नाही. सस्तन असूनही त्याचं अंग बत्तीस ते पस्तीस अंशांवर असतं. शिवाय एका वेळी चार, हुबेहूब सारखी पिल्लं! त्याच्या यकृतात आणि प्लीहेत अब्जावधी जंतू मिळू लागले. तमिळनाडूतल्या एका रुग्णाचा जंतू असाच आर्मडिलोत वाढवून त्याचा संपूर्ण जनुकसंच २००१ मध्ये वाचला गेला. चालती जनुकं सुमारे सोळाशे, मोडीत निघालेली अकराशेच्या वर. स्वतःची भांडीकुंडी फुटलेला हा भाडेकरू परक्याच्या स्वयंपाकघराशिवाय जगणार कसा? बशीत तो का वाढत नाही, याचा बराचसा उलगडा तिथे झाला.

गंमत अशी की अमेरिकेच्या (यूएसच्या) दक्षिणेकडच्या राज्यांतल्या रानटी आर्मडिलोंतही हा रोग आहे. २०११ मध्ये तिथल्या अनेक रुग्णांत आणि या प्राण्यांत जंतूचा एकच प्रकार सापडला. म्हणजे माणसाने दिलेला रोग काही ठिकाणी माणसाकडे परतला.

जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. औषधाने जंतू मरतो, त्याच्यामुळे मेलेली नस (म्हणजे मज्जातंतू) मात्र परत येत नाही. तापलेला तवा उचलूनही चटका न कळणारी बाई औषधाचा कोर्स पुरा करून घरी जाते, तेव्हा कागदावर ती बरी झालेली असते. आर्मडिलोच्या नसा माणसासारख्याच बिघडतात. म्हणून प्रयोगशाळेत आता त्याच्या मागच्या पायाच्या नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात, नस मरण्याआधी काय घडतं ते पकडायला.