प्रखर उजेडातही लिनिअर राहणारा टीआयए

फायबरमधला प्रकाश फोटोडायोडवर पडला की हाती येतो तो करंट, आणि कमजोर लिंकवर तोही काही मायक्रोअँपिअरच. त्याचं व्होल्टेज करतो तो ट्रान्सइम्पीडन्स अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे टीआयए. सिग्नल दोन पातळ्यांचा होता तोवर पुढे लिमिटिंग अ‍ॅम्प्लिफायर लावून तो चेपला तरी भागत होतं. पॅम-४ या चार पातळ्यांच्या सिग्नलमध्ये स्कोपवर पातळ्यांच्या मधे दिसणाऱ्या मोकळ्या जागा, म्हणजे डोळे, तीन. टोकाची पातळी जराशी दबली की तिथला डोळा मिटू लागतो.

आकडे घेऊन बोलू. 53.125 गिगाबॉड (सेकंदाला इतके अब्ज सिम्बॉल, प्रत्येकात दोन बिट), म्हणजे लेनमागे, एका डेटा-वाहिनीमागे, सेकंदाला 106.25 गिगाबिट. बँडविड्थ 30 गिगाहर्ट्झ धरू. फोटोडायोड, चिपचा पॅड, ईएसडी (स्थिर विजेपासूनचं) संरक्षण आणि ट्रान्झिस्टरचा गेट मिळून इनपुटला 100 फेम्टोफॅरड कपॅसिटन्स. आउटपुट-इनपुट जोडणारा, करंटचं व्होल्टेज ठरवणारा फीडबॅक रेझिस्टर 300 ओहमचा हवा, तर आतल्या अ‍ॅम्प्लिफायरचा गेन-बँडविड्थ गुणाकार 170 गिगाहर्ट्झच्या घरात लागतो. तो तेवढाच ठेवून बँडविड्थ दुप्पट मागितली, तर रेझिस्टर एकचतुर्थांशावर येतो आणि त्याचा नॉइज करंट दुप्पट होतो. म्हणूनच पहिली स्टेज मुद्दाम संथ ठेवून रेझिस्टर मोठा घ्यायचा आणि गेलेली बँडविड्थ पुढच्या इक्वलायझरने (उंच फ्रीक्वेन्सी उचलणाऱ्या सर्किटने) भरून काढायची, हा मार्ग मला अधिक पटतो.

वीज वाचवायची तर सीमॉस इन्व्हर्टरसारखी स्टेज नाही: एकच करंट दोन्ही ट्रान्झिस्टरमधून जातो आणि दोघांचा ट्रान्सकंडक्टन्स (व्होल्टेजमागे मिळणारा करंट) मिळतो. मात्र सप्लायवरची खळबळ थेट आउटपुटवर उतरते, त्यामुळे तिला स्वतंत्र व्होल्टेज रेग्युलेटर द्यावाच लागतो.

खरी परीक्षा प्रकाश प्रखर झाल्यावर होते. सरासरी 1 मिलिअँपिअर करंट 300 ओहममधून गेला की आउटपुट अडीचशे मिलिव्होल्टहून जास्त खाली सरकतं. 0.9 व्होल्टच्या सप्लायवर ते निम्म्यावरून, म्हणजे 0.45वरून, 0.2च्या आसपास येतं, म्हणजे इन्व्हर्टरमधला खालचा एनएमॉस ट्रान्झिस्टर ट्रायोडच्या, गेन कोसळण्याच्या, उंबरठ्यावर. हा डीसी करंट इनपुटलाच सिंकने (करंट ग्राउंडकडे वळवणाऱ्या ट्रान्झिस्टरने) ओढून घ्यावा लागतो. सिंकचा नॉइज फारसा नडत नाही, कारण तो वाढतो तेव्हा सिग्नलही मोठा असतो. पण त्याची कपॅसिटन्स प्रकाश मंद असतानाही इनपुटवर बसलेली राहते. म्हणून सिंकचा ट्रान्झिस्टर छोटाच ठेवा.

गेन कमी करायला फीडबॅक रेझिस्टरला समांतर मॉस स्विच लावतात. 300चे 75 ओहम झाले की इनपुटचा पोल (जिथून रिस्पॉन्स घसरू लागतो ती फ्रीक्वेन्सी) चौपट वर सरकतो, लूपचं फेज मार्जिन, म्हणजे स्थिरतेची राखीव जागा, घटतं आणि रिस्पॉन्समध्ये उंचवटा येतो. त्याच वेळी आतला गेनही उतरवा. आउटपुटला डायोड-जोडणीचा (इनपुट-आउटपुट एकत्र जोडलेला) इन्व्हर्टर लावला की काम होतं. स्विचचा रेझिस्टन्स सिग्नलबरोबर हलतो, म्हणून त्याच्यासोबत सिरीजमध्ये पॉली रेझिस्टर ठेवा आणि बहुतेक व्होल्टेज त्याच्यावरच पडू द्या.

बिघाड कुठे आहे, ते डोळेच सांगतात. एकाच टोकाचा डोळा दबला असेल तर सम हार्मोनिक (सिग्नलच्या सम पटीतल्या फ्रीक्वेन्सी) वाढलेत. सिंक आणि बायस तपासा. वरचा-खालचा दोन्ही सारखे दबले असतील तर विषम हार्मोनिक. व्हीजीए (गेन बदलता येणारी पुढची स्टेज) किंवा आउटपुट बफरचा स्विंग संपला आहे. टीएचडी (एकूण हार्मोनिक विकृती) मोजताना चाचणीचा टोन 1 गिगाहर्ट्झच्या आसपास घ्या. 20 गिगाहर्ट्झचा घेतला तर दुसरा हार्मोनिक 40वर आणि तिसरा 60वर, दोन्ही बँडबाहेर दबतात, आणि चेपलेलं सर्किटही कागदावर उत्तम दिसतं.